नॉब फिरवण्याआधी ॲम्प उचला

ॲम्प जमिनीवर, तुम्ही खुर्चीवर, मांडीवर गिटार. आवाज जरा बसका, पांघरुणाखालून आल्यासारखा वाटतो, म्हणून तुम्ही ट्रेबल, म्हणजे वरच्या तीक्ष्ण सुरांचा नॉब, वाढवता. आणखी वाढवता. आठवर गेल्यावर कुठे बरं वाटतं. आता एक करून बघा. ॲम्पचा आवाज अगदी हळू करा, स्पीकरसमोर गुडघ्यांवर बसा, कान जाळीपासून हातभर अंतरावर आणा आणि पहिल्या तारेवर एक सूर छेडा. कानात सुई गेल्यासारखं होईल. इतके दिवस तुम्ही हाच आवाज समोरच्या भिंतीला, समोर बसलेल्या मित्राला आणि रेकॉर्डिंग करत असाल तर माइकलाही ऐकवत होता. तुमच्या कानांपर्यंत पोचत होतं ते त्यातलं उरलंसुरलं.

टोन लावायचा म्हणजे नॉब फिरवायचे, असं आपण धरून चालतो. मी हल्ली उलट्या टोकाने सुरुवात करतो. आवाज जिथून बाहेर पडतो तिथून मागे यायचं: आधी स्पीकर आणि कान यांची जागा, मग आवाजाची पातळी, मग गेन (आवाज किती फाटवायचा तो नॉब), मग मिड (मधले सूर), आणि त्यानंतर बेस-ट्रेबल. खाली त्याच क्रमाने सांगतो. ॲम्प कुठल्याही कंपनीचा, कितीही वॉटचा असू द्या, पहिल्या दोन पायऱ्यांना फरक पडत नाही.

जागा

बारा इंची स्पीकर म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर रुंदीची वस्तू. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे १,००० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी साधारण ३४ सेंटिमीटर भरते आणि ३,००० हर्ट्झची जेमतेम ११. ज्या सुरांची लांबी स्पीकरच्या रुंदीपेक्षा बरीच जास्त, ते खोलीभर पसरतात. ज्यांची कमी, ते टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. म्हणजे जमिनीवरच्या ॲम्पमधला सगळा तीक्ष्ण भाग तुमच्या पोटऱ्यांवर आदळतो आणि कानापर्यंत फक्त जाड भाग वर येतो. तुमच्या ट्रेबलच्या नॉबचा इथे काहीच दोष नाही.

उपाय सोपा आहे. ॲम्प स्टुलावर किंवा मजबूत खुर्चीवर ठेवा, किंवा मागे टेकवून वर तोंड करून तिरका ठेवा. काही ॲम्पना बाजूला घडीचे पाय असतात ते यासाठीच. तुम्ही दोन-अडीच मीटरवर बसा. स्पीकरचा मध्य थेट कानाकडे रोखलेला नको, किंचित बाजूला चालेल. पण तो पोटरीकडे तर अजिबात नको.

मग भिंती. ॲम्प कोपऱ्यात कोंबला की जमीन आणि दोन भिंती मिळून खालचे सूर फुगवतात. छोट्या, अशक्त ॲम्पला हे कधी कधी उपकारकच ठरतं. ज्याचा आवाज पत्र्यासारखा आहे त्याला भिंतीजवळ सरकवून बघा, फुकटात बेस मिळतो. पण बारा इंची स्पीकरचा ॲम्प कोपऱ्यात गढूळ होतो. पाठीमागून उघडा असलेला ॲम्प तर भिंतीपासून निदान फूटभर पुढे हवा, कारण त्याचा जवळजवळ निम्मा आवाज मागून निघतो आणि भिंतीवरून परत येतो. हे अंतर हातभर मागे-पुढे करून ऐका. माझ्या जुन्या ॲम्पमध्ये एवढ्याने जो फरक पडायचा, तो बेसचा नॉब दोन घरं फिरवूनही पडत नसे.

झोत फारच त्रास देत असेल तर स्पीकरच्या जाळीपुढे फोमचा जाड तुकडा लावतात. स्पीकरएवढा गोल कापायचा आणि मध्ये साधारण तीन इंचांचं भोक ठेवायचं. दिसायला गबाळं दिसतं, पण काम करतं.

सगळं शून्यावर

आता आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेडल काढून ठेवा. एक केबल, गिटारपासून थेट ॲम्पपर्यंत. गिटारवरचे व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे. रिव्हर्ब (घुमारा) बंद. तारा सहा महिन्यांच्या असतील तर आधी त्या बदला. मेलेल्या तारांचा आवाज कुठलाही ट्रेबल जिवंत करत नाही.

बेस, मिड, ट्रेबल कुठे ठेवायचे? सगळे पाचवर ठेवा म्हणजे सपाट आवाज मिळतो, असं सर्रास सांगितलं जातं. बहुतेक व्हॉल्व्ह ॲम्पच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पच्या, बाबतीत हे खरं नाही. त्यांतले टोनचे नॉब काहीच वाढवत नाहीत, ते फक्त कापतात. दहावर ठेवलेला नॉब म्हणजे ‘कमीत कमी कापलंय’, एवढाच अर्थ. फेंडर कंपनीच्या जातीच्या ॲम्पमध्ये सगळे नॉब पाचवर ठेवले की मधल्या सुरांत चांगला खड्डा पडलेला असतो. त्यातल्या त्यात सपाट आवाज हवा असेल तर मिड दहावर, बेस आणि ट्रेबल दोनच्या आसपास. अशा ॲम्पवर तिन्ही शून्यावर नेऊन बघा, आवाज जवळजवळ गायबच होतो. शून्य म्हणजे ‘न बदललेला’ असं वाटत असेल तर ही करामत एकदा बघाच.

दुसरी गोम अशी की हे तीन नॉब एकमेकांत गुंतलेले असतात. ट्रेबल पूर्ण उघडला की मिड आणि बेसच्या नॉबला फारसं काम उरत नाही, कारण त्या सर्किटमध्ये ट्रेबलचा नॉब एका बाजूला वरचे सूर आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळं, अशी वाटणी करत असतो. म्हणून एक नॉब हलवल्यावर बाकीचे दोन पुन्हा तपासावे लागतात. हे फक्त एका कंपनीपुरतं नाही. मार्शलचा पहिला ॲम्प, जेटीएम४५, १९६२-६३ मध्ये लंडनमध्ये तयार झाला तो फेंडरच्या बासमन ॲम्पचं सर्किट समोर ठेवूनच. बासमन मुळात बेस गिटारसाठी होता, पण गिटारवाल्यांनी तो उचलला. त्याच्या टोनच्या नॉबांची रचना पुढे असंख्य ॲम्पमध्ये गेली आणि आजही दिसते.

ट्रान्झिस्टरच्या किंवा डिजिटल ॲम्पमध्ये नॉब कधी कधी खरोखर वाढवतातही, आणि तिथे मधोमध म्हणजे सपाट असू शकतं. तुमचा कुठल्या प्रकारातला हे मॅन्युअलमध्ये दोन मिनिटांत सापडतं. मॅन्युअल हरवलं असेल तर सगळे नॉब शून्यावर नेऊन ऐका: आवाज मेला तर कापणारा प्रकार.

आणखी एक इशारा. व्हॉक्स एसी३० च्या घराण्यातल्या ॲम्पवर ‘कट’ नावाचा नॉब असतो. तो जितका उजवीकडे, तितके वरचे सूर कमी. ट्रेबल समजून तो फिरवणारे आणि ‘ॲम्प बिघडला’ म्हणणारे मी पाहिलेत.

आवाज किती मोठा, हे आधी ठरवा

ज्या आवाजात वाजवणार, त्याच आवाजात टोन लावायचा. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसाचा कान कुठल्या आवाजाला काय ऐकतो याचे आलेख मांडले. त्यातून दिसलं की हळू आवाजात कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात आणि अगदी वरचेही दबतात; आवाज वाढला की हा फरक कमी होत जातो. म्हणून रात्री हळू वाजवताना आपण बेस आणि ट्रेबल चढवतो, मिड उतरवतो, आणि खूश होतो. तीच सेटिंग मोठ्या आवाजात गेली की खालून दणदणाट, वरून किरकिर, आणि मध्ये काही नाही.

माझी पहिली जॅमिंग अशीच गेली. घरी महिनाभर जपून लावलेला टोन होता, मिड एकवर. ड्रम आणि बेस सुरू झाले, मी जीव तोडून वाजवतोय, आणि ड्रमवाला मध्येच थांबून म्हणाला, ‘‘अरे, तू वाजव ना!’’

‘‘वाजवतोयच की!’’

त्याने काठीने माझ्या ॲम्पकडे बोट दाखवलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत मी व्हॉल्यूम दुप्पट केला होता आणि तरी मला मी ऐकू येत नव्हतो. नंतर कोणीतरी येऊन मिड सातवर नेला. व्हॉल्यूम पुन्हा खाली आला.

कानांची गोष्ट इथेच सांगून टाकतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसात ८ तास चालतो आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आता सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा गिटारचा प्रसिद्ध स्पीकर घ्या. तो एका वॉटमध्ये, एक मीटरवर १०० डेसिबल देतो. एका वॉटमध्ये! खोलीत १५ वॉटचा ॲम्प ‘लहान’ कसा नसतो हे यावरून कळावं. स्पीकर कानाच्या उंचीवर आणल्यावर तर आवाज आणखी खाली घ्या.

गेन

गेन शून्याजवळ ठेवा, मास्टर, म्हणजे शेवटच्या एकूण आवाजाचा नॉब, वाजवण्याइतका उघडा. मास्टर नसलेल्या ॲम्पवर एकच व्हॉल्यूम असतो आणि तोच दोन्ही कामं करतो, तिथे पर्याय नाही. आता मोकळ्या तारांचा जी मेजर कॉर्ड घ्या, सहाही तारा. हळूहळू गेन वाढवत एकसारखा वाजवत राहा. एका जागी असं होईल की पिक हळू लागला तर सूर स्वच्छ आणि जोरात लागला तर कडा फाटतात. तिथे थांबा. ही जागा नव्या वाजवणाऱ्याला ‘कमी’ वाटते. अजून थोडं वर जायचं तर जा, पण एक कसोटी लावा: कॉर्ड वाजवून त्यातल्या तिसऱ्या तारेचा सूर कानाने शोधा. सापडत नसेल तर मागे या.

डिस्टॉर्शनमध्ये पूर्ण कॉर्ड का गढूळतो आणि दोन सुरांचा पॉवर कॉर्ड का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. आवाज फाटतो तेव्हा ॲम्प सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर स्वतःहून तयार करतो. सा आणि प यांचं प्रमाण २:३. त्यांची वजाबाकी १, म्हणजे सा च्या बरोबर एक सप्तक खालचा सा. तो कॉर्डमध्ये चपखल बसतो, उलट आवाज आणखी भरदार करतो. गिटारच्या पट्ट्यांवरचा प या शुद्ध प्रमाणापेक्षा जेमतेम २ सेंट (सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, कानाला कळतही नाही. पण ग शुद्ध ग पेक्षा तब्बल १४ सेंट चढलेला असतो. त्याच्या वजाबाक्या कुठेच नीट बसत नाहीत, एकमेकांवर घासतात, आणि आपल्याला ऐकू येतो चिखल. म्हणून जड गेनमध्ये ग गाळून वाजवतात. सहाही तारा वाजवायच्या असतील तर गेन उतरवावाच लागतो.

गेनची अडचण एवढीच नाही. तो वाढला की हळू आणि जोरात यातला फरक पुसला जातो, प्रत्येक सूर एकाच उंचीचा होतो. बोटांच्या चुका झाकल्या जातात म्हणून एकट्याने वाजवताना मजा येते. रेकॉर्ड करून ऐकलं की मात्र सगळं एका भिंतीसारखं सपाट लागतं. अनुभवी माणसांच्या ॲम्पवर गेन बघा, बहुतेकदा तुमच्या अंदाजापेक्षा कमी असतो.

मिड, मग बेस, मग ट्रेबल

गिटारची जाडी तार ८२ हर्ट्झवर वाजते, पातळ तार मोकळी ३३० वर, आणि पातळ तारेच्या चोविसाव्या फ्रेटवर सुमारे १,३२०. म्हणजे गिटारचे मूळ सूर सगळे मधल्या पट्ट्यात आहेत. खाली बेस गिटार आणि किक ड्रम बसलेत, वर झांजा. गिटारला स्वतःची म्हणावी अशी जागा मध्येच आहे, आणि आपण पहिला हात तिथेच घालतो आणि ती कापून टाकतो.

मिड सहा-सातवर ठेवून सुरू करा. एकट्याने ऐकताना थोडं नाकात बोलल्यासारखं वाटेल. वाटू दे. शक्य असेल तर फोनवर ड्रम आणि बेसचा एखादा बॅकिंग ट्रॅक लावा आणि त्याच्याबरोबर ऐका. नाकातला आवाज तिथे अचानक माणसात आल्यासारखा वाटतो. काही ॲम्पना मिडचा नॉबच नसतो, आत ठरावीक रेझिस्टर बसवलेला असतो. तिथे बेस आणि ट्रेबल दोन्ही खाली घेतले की मिड आपोआप वर आल्यासारखा लागतो.

बेस लावायला सहावी तार तळहाताने दाबून वाजवा. ‘धप्’ असा तुटक आवाज यायला हवा. ‘भुऽप’ असा शेपटीवाला आला तर बेस जास्त आहे. गेन जितका वर, बेस तितका खाली, हा नियम मी डोळे झाकून पाळतो, कारण फाटणाऱ्या टप्प्यात जाड सूर शिरले की बाकी सगळ्यांना घेऊन बुडतात. फार जड वाजवणारे लोक ॲम्पच्या आधी ओव्हरड्राइव्हचं पेडल लावतात, त्याचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून. त्यांना त्यातून डिस्टॉर्शन नको असतं. बेस आधीच कापून जावा, एवढ्यासाठी ते.

ट्रेबल शेवटी, आणि पुढच्या नव्हे तर ब्रिजजवळच्या पिकअपवर (पिकअप म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग), कारण तोच सर्वांत टोकदार. ब्रिजवर सहन होईल इतका ट्रेबल ठेवलात की नेकवर तो कधीच खुपणार नाही. उलट केलंत तर पिकअप बदलताच लोक वळून बघतील.

प्रेझेन्स नावाचा नॉब असेल तर तो शेवटचा. तो टोनच्या नॉबांबरोबर नसतो, मागच्या पॉवरच्या भागात असतो आणि अगदी वरच्या सुरांची धार सांभाळतो. पिक तारेला लागतो तो ‘टक्’ हवा तितका आला की सोडा. ब्राइट असं बटण असेल तर त्याचा परिणाम हळू आवाजात सर्वांत जास्त आणि व्हॉल्यूम चढेल तसा कमी होतो. म्हणून खोलीत बंद, मोठ्या आवाजात हवं तर चालू.

रिव्हर्ब ऐकू यायला लागेपर्यंत वाढवा, मग थोडा मागे घ्या.

हे सगळं झालं की गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणून पुन्हा ऐका. खरं तर टोन लावतानाच गिटार आठवर ठेवावी असं माझं मत बनत चाललंय. मग सोलोला दहा, साथीला सहा, आणि पाय पेडलकडे न्यावा लागत नाही. व्हॉल्यूम उतरवल्यावर आवाज मंद होत असेल तर तो गिटारच्या वायरिंगचा स्वभाव आहे, त्यावर छोटा कपॅसिटर लावून इलाज होतो.

स्पीकर

डिस्टॉर्शनच्या पेडलचं सरळ आउटपुट एकदा गाणी ऐकायच्या चांगल्या स्पीकरला जोडून ऐका. काचेच्या बरणीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज येतो. गिटारचा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या आसपास वरचं सगळं जवळजवळ सोडून देतो, आणि ज्याला आपण ‘डिस्टॉर्शनचा टोन’ म्हणतो तो त्या गाळणीतून आलेला असतो. म्हणूनच डिजिटल ॲम्प हेडफोनला जोडताना त्यातलं कॅबिनेटचं (स्पीकरच्या खोक्याचं) अनुकरण चालू हवं, आणि तोच ॲम्प खऱ्या गिटार स्पीकरला जोडताना बंद. दोन गाळण्या एकावर एक लागल्या की पुन्हा तो पांघरुणाखालचा आवाज.

सहा-आठ इंची सरावाच्या ॲम्पमध्ये खालचे सूर फारसे नसतातच. तिथे बेस दहावर नेऊन स्पीकरला फडफडायला लावू नका. बंद पाठीचं कॅबिनेट घट्ट, समोर मारणारा बेस देतं. उघड्या पाठीचं खोलीभर पसरतं, पण तळ मऊ असतो.

स्पीकर बदलायचा विचार असेल तर वॉटआधी संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॉटमध्ये एक मीटरवर किती डेसिबल मिळतात तो, आकडा बघा. ॲम्पची ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ५० वॉट आणि १०० वॉट यांत एवढाच फरक. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा, १९८६ मध्ये आलेला व्हिंटेज ३० हा १०० चा. तेवढ्या दोन डेसिबलसाठी ॲम्प दीडपटीहून जास्त ताकदीचा घ्यावा लागला असता. उलट, खोलीत वाजवणाऱ्याला कमी संवेदनशील स्पीकर लावून ॲम्प थोडा जास्त उघडता येतो. स्वभावाचं म्हणाल तर ग्रीनबॅक २५ वॉटचा, जोरात वाजवल्यावर स्वतःही थोडा फाटणारा. व्हिंटेज ३० साठ वॉटचा आणि वरच्या मिडमध्ये पुढे येणारा. त्याला काही जण कर्कश म्हणतात, आणि आधीच तीक्ष्ण ॲम्पला तो लावला तर ते बरोबरच आहे.

बदलताना ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युतरोधाचा, हिशेब चुकवू नका. व्हॉल्व्हच्या ॲम्पमागे ४, ८, १६ असे जॅक किंवा स्विच असतात. ८ ओहमचा स्पीकर ८ ला. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर ‘किमान ४ ओहम’ असं लिहिलेलं असतं. तिथे ८ चालतो, फक्त ताकद कमी मिळते, पण २ चालत नाही. ८ चे दोन स्पीकर समांतर जोडले की ४, एकामागे एक जोडले की १६. मल्टिमीटर लावला तर ८ ओहमचा स्पीकर साडेसहा-सातच्या आसपास दाखवेल, तो खराब नाही. मीटर डीसी मोजतो. स्पीकरची वॉटक्षमता ॲम्पच्या निदान दीडपट-दुप्पट ठेवा, कारण पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह ॲम्प लिहिलेल्यापेक्षा बरंच जास्त ढकलतो.

आणि व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. जोडणारी केबलही स्पीकरचीच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यातली आतली तार बारीक असते आणि तेवढा करंट तिला झेपत नाही.

आता प्रत्यक्ष काम. प्लग काढा. ॲम्पच्या लोखंडी खोक्याला हात लावू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट राहू शकतात. तुमचं काम फक्त स्पीकरशी आहे. जुन्या जोडणीचा फोटो काढा. स्क्रू सोडवताना मोकळा हात स्पीकरच्या कागदावर आडवा धरा, कारण स्क्रूड्रायव्हर घसरला की तो थेट कागदातून आरपार जातो. १९६४ मध्ये द किंक्स या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने मुद्दाम चिरला आणि तो फाटका आवाज अजरामर झाला, हे खरं; पण त्याने तो ठरवून चिरला होता. नवा स्पीकर बसवताना स्क्रू आळीपाळीने समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकच बाजू कचकचून आवळली तर चौकट पिळवटते आणि कागदामागची तारेची कॉइल घासायला लागते.

दोन स्पीकर असतील तर धन-ऋण तपासल्याशिवाय झाकण लावू नका. मी एकदा नेमकं हेच केलं. दोन्ही नवे स्पीकर, आणि आवाज असा पोकळ की खाली काहीच नाही. दोन दिवस नॉब फिरवले, ॲम्पला शिव्या घातल्या. मग दीड व्होल्टचा साधा सेल घेतला, धन टोक दोन्ही स्पीकरकडून ॲम्पकडे येणाऱ्या धन तारेला आणि ऋण टोक ऋण तारेला क्षणभर टेकवलं. एकाचा कागद पुढे उडाला, दुसऱ्याचा मागे गेला. एकावरच्या तारा मी उलट लावल्या होत्या. एक हवा ढकलत होता, दुसरा ओढत होता, आणि बेस मधल्या मध्ये मरत होता. दोन कनेक्टर अदलाबदल करायला अर्धं मिनिट लागलं. ही तपासणी ॲम्पची केबल काढूनच करा.

नवा स्पीकर सुरुवातीला ताठ आणि थोडा कडक वाजतो. कडेचा भाग वाजून वाजून मऊ होतो, तोवर त्याच्यासाठी नॉब लावत बसू नका. जुन्यातून खरखर येत असेल तर सहाव्या तारेवर एकेक फ्रेट चढत सूर लांबवून बघा. एकाच सुरावर खडखड होत असेल तर बहुधा ढिला स्क्रू, हँडल किंवा मागचा पत्रा. सगळ्या सुरांवर होत असेल तर ॲम्प बंद करून बोटं पसरून कागद मध्यभागी सारखा दाबा आणि सोडा. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेली.

रेकॉर्ड करायचं असेल तर शुअरचा एसएम५७ सारखा माइक जाळीला जवळजवळ टेकवून, मधल्या गोल टोपीची कड जिथे कागदाला मिळते तिथे रोखून ठेवा. मध्याकडे सरकवला की टोकदार, कडेकडे सरकवला की गोल. दोन सेंटिमीटर सरकवून जे होतं ते नॉबने होत नाही.

टोन लागला वाटला की नॉबांचा फोटो काढा आणि खाली लिहून ठेवा: कुठली गिटार, कुठला पिकअप, ॲम्प खोलीत कुठे होता. मग थांबा. तासाभरात कान थकलेले असतात आणि थकलेल्या कानाला ट्रेबल कमीच वाटतो. दुसऱ्या दिवशी, कुठलंच गाणं ऐकायच्या आधी, तीच सेटिंग लावून एक कॉर्ड वाजवा. काही खटकलं तर पहिल्यांदा ॲम्प जरा फिरवून बघा, मग मिड.